पावसाला माप देणाऱ्या अन्ना मणी

आपल्या पाचोड मंडळात २४ तासांत पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. जरा कमी भरला की नाही! शेतकऱ्याची मदत अनेकदा या मापावरच अडते. म्हणून अन्ना मणी यांची गोष्ट आपलीही आहे.

जन्म १९१८चा, केरळमधल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरचे हिऱ्याच्या कुड्या देत होते. या पोरीने मागितला एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका! पुढे बेंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिने हिऱ्यांवरच संशोधन केलं. प्रबंध तयार झाला, पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली.

अन्ना रडत बसल्या नाहीत. लंडनला जाऊन हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेतलं आणि १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. त्यांनी जवळपास १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशातच बनू लागली. चुकीचं माप घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, हा त्यांचा हट्ट होता.

१९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या, २००१ मध्ये गेल्या. ती पीएचडी मिळाली नाही ती नाहीच. पण देशाला पाऊस नीट मोजायला शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत आहे.