एकच गाडी, 47 वर्षं: बर्ट मन्रोने 89 चा स्पीड 296 वर कसा नेला?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी माझी 150 सीसीची बाइक ड्रॅगसाठी सेट केली होती. सेट केली म्हणजे काय, तर उद्यमनगरातून एक दात कमी असलेलं पुढचं स्प्रॉकेट आणून बसवलं, एअर फिल्टर काढून टाकला, कार्बोरेटरमध्ये अंदाजाने मोठा जेट घातला आणि वजन कमी करायचं म्हणून आरसे काढले. आवाज असा फाडू यायला लागला की गल्लीतली पोरं बघायला जमायची.

मग एका रात्री शहराबाहेरच्या रस्त्यावर आम्ही 402 मीटरची, म्हणजे पाव मैलाची शर्यत लावली. उसाचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला मागचा लाइट नसलेली उसाची ट्रॉली उभी होती, ती दोघांनाही शेवटच्या क्षणी दिसली. मी वाचलो. शेजारच्या गाडीवरचा माझा मित्र ट्रॉली चुकवताना पडला. खांद्याचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली आणि त्याचा कॅम्पस इंटरव्ह्यू हुकला.

दवाखान्यात त्याने मला एकच गोष्ट विचारली. एवढं सगळं करून गाडी खरंच फास्ट झाली होती का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बदल करायच्या आधी गाडीला किती सेकंद लागतात हे मी मोजलंच नव्हतं.

त्याच दिवसांत मी बर्ट मन्रोबद्दल वाचायला लागलो. बाइक सेट करणं म्हणजे काय, हे मला या माणसाच्या आयुष्यातून कळलं. म्हणून आज त्याची गोष्ट.

शेतकऱ्याचा पोरगा

हर्बर्ट जेम्स मन्रो, म्हणजेच बर्ट, 25 मार्च 1899 रोजी न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल या गावात जन्मला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जगली नाही. जवळच्या एडनडेलला त्यांची शेती होती. पोराला लहानपणापासून वेगाचं वेड. शेतावरचा सगळ्यात जोरात पळणारा घोडा हाच घेऊन जायचा आणि घरच्यांची बोलणी खायचा.

पहिल्या महायुद्धाच्या काळात तो शेतावरच राहिला. नंतर काही काळ ओटिरा बोगद्याच्या कामावर गेला आणि मग वडिलांनी नवी शेती घेतल्यावर परत बोलावलं म्हणून घरी आला. पुढे ऑस्ट्रेलियात तो स्पीडवेच्या शर्यतीही खेळला. 1930 च्या आसपास जगभर मंदी आली तेव्हा पुन्हा शेतावर परतला, आणि नंतर मोटरसायकलचा सेल्समन आणि मेकॅनिक म्हणून काम करू लागला. थोडक्यात, श्रीमंत घर नाही, इंजिनिअरिंगची डिग्री नाही, मागे कुठली कंपनीही नाही.

ती गाडी कोणती होती?

1920 मध्ये बर्टने एक नवीकोरी इंडियन स्काउट घेतली. नाव ऐकून गडबडू नका. इंडियन ही अमेरिकन कंपनी, तिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. 600 सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, तीन गिअर, तेही हाताने टाकायचे, आणि क्लच पायात. टॉप स्पीड ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 89 किलोमीटर. आज आपल्या गल्लीतली साधी 125 सीसीची गाडीही एवढं पळते.

1926 पासून त्याने या गाडीत बदल करायला सुरुवात केली, आणि इथून पुढे त्याने ही गाडी कधीच सोडली नाही. आपण दोन वर्षांत फोन बदलतो आणि चार वर्षांत गाडी. हा माणूस तेच इंजिन आयुष्यभर उघडत आणि बंद करत राहिला.

शेडमधली फाउंड्री

कोल्हापूरच्या पोराला ओतकाम समजावून सांगायची गरज नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे निम्म्या घरांतलं कोणीतरी फाउंड्रीत नाहीतर लेथवर असतं. पण आपल्याकडे साचा एकजण करतो, धातू दुसरा ओततो, मशिनिंग तिसरा करतो आणि तपासणी चौथा. बर्ट हे सगळं एकटा करायचा, तेही शेडमध्ये.

विकतचे पार्ट परवडत नव्हते, म्हणून तो जुन्या डब्यांचे साचे करून त्यात धातू ओतायचा. पिस्टन, सिलिंडर बॅरल, फ्लायव्हील असं सगळं त्याने स्वतः बनवलं. मायक्रोमीटर म्हणून चाकाची एक जुनी तार वापरायचा. कनेक्टिंग रॉडसाठी त्याने ट्रॅक्टरच्या ॲक्सलचं पोलाद घेतलं आणि हाताने घासून त्याला आकार दिला.

ॲक्सलचंच पोलाद का? यामागचं गणित सोपं आहे. इंजिन 6000 आरपीएमवर असतं तेव्हा पिस्टन सेकंदाला 200 वेळा थांबतो आणि दिशा बदलतो. प्रत्येक वेळी तो झटका कनेक्टिंग रॉडला सोसावा लागतो. आरपीएम दीडपट केले की झटका दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, कारण तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून इंजिन जास्त फिरवायचं ठरवलं की सगळ्यात आधी रॉड मोडतो, आणि मोडताना सिलिंडर घेऊनच जातो.

बर्टची इंजिनं अशी कित्येकदा फुटली. मग तो पार्ट पुन्हा ओतायचा. मूळ इंजिनातले व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. हवा आत यायला वळसा पडायचा. त्याने सिलिंडर हेड नव्याने बनवून व्हॉल्व्ह वर नेले. 600 सीसीचं इंजिन वाढत वाढत पुढे 850 आणि शेवटी 950 सीसीपर्यंत गेलं.

फुटलेल्या पार्टचं शेल्फ

मला या माणसाची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं शेल्फ. फुटलेले पिस्टन, मोडलेले रॉड, जळालेले पार्ट त्याने भंगारात घातले नाहीत. शेडमध्ये एका फळीवर ओळीने मांडून ठेवले, आणि हा वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य आहे अशा अर्थाची पाटी वर लिहून ठेवली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर पडला की का पडला हे लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक नको. बर्टचं शेल्फ म्हणजे तेच, फक्त लोखंडात.

पण या वेडाची किंमतही होती, ती लपवायला नको. 1927 मध्ये त्याचं लग्न झालं, चार मुलं झाली. 1947 मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर तो राहायचाही गाडीशेजारी, शेडमध्ये. अशा गोष्टी सांगताना आपण जिद्दीवर बोलतो आणि घरच्यांवर बोलत नाही. चार मुलांनी बापाला किती वाटून घेतलं असेल, हा प्रश्न मला गाडीपेक्षा अवघड वाटतो.

ताकद 37 पट, की हवेला वाट?

1940 मध्ये बर्टने रस्त्यावरच्या वेगाचा न्यूझीलंडचा विक्रम केला: ताशी 120.8 मैल, म्हणजे 194 किलोमीटर. तो 12 वर्षं टिकला. पण यापुढे खरी अडचण सुरू होते, आणि ती इंजिनाची नाही, हवेची आहे.

हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. 89 वरून 296 म्हणजे वेग साधारण 3.3 पट. मग ताकद? सुमारे 37 पट! जुन्या इंजिनातून एवढं काढणं अशक्य. म्हणून बर्टने दुसरा रस्ता धरला. गाडीला माशासारखं लांबट कवच चढवलं आणि स्वतः त्यात पोटावर झोपून गाडी चालवू लागला. हवेला जायला सोपी वाट मिळाली की तेवढीच ताकद जास्त वेग देते.

इथे ड्रॅग आणि टॉप स्पीड यांतला फरक लक्षात घ्या. ड्रॅगमध्ये गाडी उभ्या जागेवरून 402 मीटर जाते, म्हणून तिथे ओढ महत्त्वाची. समजा पुढचं स्प्रॉकेट 14 दातांचं आहे आणि तुम्ही 13 चं बसवलं. चाकावरची ओढ साधारण 7.7 टक्के वाढते, पण त्याच आरपीएमवर वेग सुमारे 7 टक्के कमी होतो. फुकट काही मिळत नाही. बर्टला ओढ नको होती, त्याला शेवटचा वेग हवा होता, आणि त्यासाठी लांबच लांब सपाट जागा हवी होती.

मिठाचं मैदान

ती जागा म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातलं बॉनव्हिल. कित्येक किलोमीटर पसरलेला, वाळलेल्या मिठाचा सपाट थर. ना ट्रॉली, ना कुत्रं, ना वळण. 1962 मध्ये बर्ट आपली स्काउट जहाजाने घेऊन तिथे गेला. वय 63, आणि छातीत दुखण्याचा त्रास आधीच सुरू झालेला. त्या वर्षी त्याने ताशी 288 किलोमीटरचा वर्ग-विक्रम केला.

नंतरही तो जात राहिला. 1966 मध्ये वरच्या वर्गात 270 चा विक्रम झाला. म्हणजे आकडा दरवेळी वरच जातो असं नाही. 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, 47 वर्षं जुन्या गाडीवर त्याने 1000 सीसीखालच्या वर्गात ताशी 295.453 किलोमीटरचा विक्रम नोंदवला. एका दिशेच्या पात्रता फेरीत तर गाडी 305.89 ला गेली.

विक्रम मात्र एका दिशेचा धरत नाहीत. एकदा जायचं, एकदा उलट यायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. पाठीवर वारा असेल तर जाताना फायदा होतो, येताना तोटा. फोनवर एकदा दिसलेला टॉप स्पीड स्टेटसला टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

1977 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्याने त्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. 6 जानेवारी 1978 रोजी तो गेला. स्काउट आजही इन्व्हरकार्गिलमध्ये, एका हार्डवेअरच्या दुकानात बघायला मिळते. 2005 मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, त्यात अँथनी हॉपकिन्सने बर्टचं काम केलं आणि जगाला तो माहीत झाला.

47 वर्षांनी सापडलेला बग

गोष्ट इथे संपत नाही. 2014 मध्ये बर्टचा मुलगा जॉन याच्या लक्षात आलं की 1967 च्या विक्रमाचं गणितच चुकलंय. फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. एका दिशेचा वेग ताशी 184.710 मैल, दुसऱ्या दिशेचा 183.463. सरासरी 184.087 येते. नोंद होती 183.586 ची. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने चूक मान्य करून विक्रम 296.259 किलोमीटर असा दुरुस्त केला. बर्ट जाऊन 36 वर्षं झाली होती.

फरक एका किलोमीटरपेक्षाही कमी. पण तो दुरुस्त करता आला, कारण 1967 मध्ये कोणीतरी दोन्ही आकडे लिहून ठेवले होते.

आपल्या गाडीचं काय?

आधी कायदा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करण्यावर कलम 52 ची बंदी आहे. हौस असेल तर बंद धावपट्टीवरच्या स्पर्धा बघा. अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा ड्रॅग स्पर्धा झालेल्या आहेत. तिथे आधी गाडी आणि हेल्मेट तपासतात, मगच सोडतात.

दोन वर्षांपूर्वी मी आणि तोच मित्र अशाच एका बंद पट्टीवर गेलो. तीच जुनी बाइक टेम्पोत घालून नेली. या वेळी आधी कंपनीच्या सेटिंगवर पळवली, मग एका वेळी एकच बदल करत गेलो. वही मित्राच्या हातात होती.

कंपनी सेटिंग: 18.9 सेकंद. फक्त छोटं स्प्रॉकेट: 18.7. त्यावर एअर फिल्टर काढून तो अंदाजाचा मोठा जेट: 19.1.

म्हणजे त्या रात्री माझी गाडी होती त्यापेक्षा हळू झाली होती. फक्त आवाज वाढला होता. मित्राने आकडे लिहिले, वही मिटली आणि प्लेट टाकलेला खांदा जरा चोळला. दवाखान्यातल्या त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं होतं. तो जेट मी फेकला नाही. माझ्या टेबलावरच्या फळीवर ठेवलाय.