बिॲट्रिस शिलिंग

बिॲट्रिस शिलिंग (८ मार्च १९०९ – १८ नोव्हेंबर १९९०) या ब्रिटिश विमान अभियंता व मोटारसायकल शर्यतपटू होत्या. ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मार्गावर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण करून 'सुवर्णतारा' मिळविणाऱ्या तीन महिलांपैकी त्या एक होत.

पूर्वायुष्य
त्यांचा जन्म इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात वॉटरलूव्हिल येथे झाला. वडिलांचा व्यवसाय खाटकाचा होता. चौदाव्या वर्षी त्यांनी रॉयल एनफिल्ड मोटारसायकल विकत घेतली. ती चालविण्याइतकाच तिचे इंजिन उघडून पुन्हा जोडण्याचाही त्यांना नाद होता. मुलींनी यंत्रशाळेत जावे असा तो काळ नव्हता. मार्गारेट पार्ट्रिज या महिला अभियंत्यांच्या वीजजोडणीच्या कंपनीत त्यांनी उमेदवारी केली व त्यांच्याच प्रोत्साहनाने मँचेस्टर विद्यापीठात प्रवेश घेतला. १९३२ साली त्या विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या. १९३६ साली फार्नबरो येथील सरकारी विमान संशोधन संस्थेत त्या रुजू झाल्या.

शर्यती
ब्रुकलँड्सचा मार्ग काँक्रीटचा असून त्याची वळणे उतरत्या भिंतीसारखी तिरपी होती. १९३४ साली शिलिंग यांनी नॉर्टन मोटारसायकलवर तेथे ताशी १०६ मैल (सुमारे १७० किलोमीटर) वेग गाठला. आपली मोटारसायकल त्या स्वतःच सुधारून घेत. सुवर्णतारा मिळविणाऱ्या अन्य दोघी म्हणजे फ्लॉरेन्स ब्लेंकिरन व थेरेसा वॉलॅक. या दोघींनी १९३४-३५ मध्ये लंडनहून सहारा ओलांडून केपटाऊनपर्यंत मोटारसायकलने प्रवास केला. तो स्वतंत्र लेखाचाच विषय आहे. शिलिंग यांनी १९३८ साली सहकारी अभियंता जॉर्ज नेलर यांच्याशी विवाह केला. नेलर यांनीही सुवर्णतारा मिळविल्यावरच त्यांनी होकार दिला, अशी आख्यायिका आहे.

मर्लिन इंजिन
१९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढणाऱ्या स्पिटफायर व हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. विमानाने एकाएकी खाली सूर मारला की कार्बोरेटरमधील पेट्रोल उसळून वर जाई व इंजिनाला क्षणभर इंधन मिळत नसे. लगेच इंधनाचा लोंढा येऊन ते गुदमरे. जर्मन इंजिनांत इंधन थेट फवारले जात असल्याने त्यांना ही अडचण नव्हती. पाठलाग चुकविण्यासाठी जर्मन वैमानिक मुद्दाम सूर मारीत, आणि मागचा ब्रिटिश वैमानिक हतबल होई.

शिलिंग यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे इंधनाच्या वाटेत बसविण्याची, छिद्र असलेली एक लहानशी धातूची वस्तू. इंजिनाला पूर्ण शक्तीवर लागेल तेवढेच इंधन त्या छिद्रातून जाई. ती बसविण्यासाठी विमान सेवेतून काढावे लागत नसे. लहान तुकडी घेऊन शिलिंग विमानतळोविमानतळी फिरल्या, त्याही मोटारसायकलवरून. मार्च १९४१ पर्यंत लढाऊ दलाच्या विमानांत ती बसविली गेली. वैमानिकांनी तिला शिलिंग यांच्या नावावरून दिलेले टोपणनाव मात्र काहीसे अचकट आहे. दोष समूळ गेला नव्हता; नव्या धर्तीचे कार्बोरेटर येईपर्यंत याच युक्तीने निभावले.

उत्तरायुष्य
युद्धानंतर त्यांनी ओल्या धावपट्टीवरील विमानांच्या ब्रेकसंबंधी संशोधन केले. पतीसह त्या मोटारींच्या शर्यतींतही उतरत. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.