राजाला कारण विचारणारा माणूस : सर एडवर्ड कुक

देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण. राज्यघटनेच्या बत्तिसाव्या कलमातील ही पाच नावे राज्यशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो. ही नावे पाठ करता करता त्यांच्यामागे कोणी हाडामांसाचा माणूस असेल का, असे कुतूहल माझ्या मनात जागे झाले. ग्रंथालयात शोध घेताना भेटला तो सर एडवर्ड कुक. (स्पेलिंगवरून कोणी त्याला ‘कोक’ म्हणेल, पण उच्चार ‘कुक’ असाच आहे.)

रिट म्हणजे मुळात राजाच्या नावाने निघालेला, मोहोर लावलेला लेखी हुकूम. जुन्या इंग्लंडमध्ये राजाच्या न्यायालयात दावा लावायचा तर आधी असा हुकूम मिळवावा लागे. म्हणजे हत्यार राजाचेच! ते राजाच्याच अधिकाऱ्यांवर रोखता येते, हे ज्यांनी ठासून दाखविले त्यांत कुक अग्रभागी होता.

त्याचा जन्म १५५२ साली नॉरफोकमधील माइलहॅम येथे झाला. वडील वकील होते, पण ते लवकर वारले. केंब्रिज, मग इनर टेंपल, १५७८ मध्ये वकिलीची सनद, १५९४ मध्ये ॲटर्नी जनरल अशी पायरी पायरीने त्याची चढण झाली. या काळातला कुक मला मुळीच आवडत नाही. १६०३ साली सर वॉल्टर रॅले याच्यावरील खटल्यात सरकारपक्षातर्फे त्याने आरोपीला भर न्यायालयात जी शिवीगाळ केली, ती त्याच्या चाहत्यांनाही लपविता आलेली नाही.

१६०६ मध्ये तो कॉमन प्लीज न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला आणि जणू त्याची कूसच बदलली. चर्चची न्यायालये आपली हद्द ओलांडू लागली की, हा खटला पुढे चालवू नका, असे बजावणारे प्रतिषेधाचे रिट तो काढू लागला. प्रकरण पहिल्या जेम्स राजापर्यंत गेले. न्यायाधीश आपलेच सेवक, तेव्हा निवाडा आपणही करू शकतो, असे राजाचे मत. राजाला बुद्धी आहे, पण कायद्याची विद्या दीर्घ अभ्यासाने येते, असे कुकने सुनावले. ही हकीकत त्याने स्वतः लिहिलेली आहे, म्हणून थोडी सावधगिरी बरी. दुसऱ्या बाजूची माहिती अशी की राजा संतापताच कुकने गुडघे टेकून क्षमा मागितली! मला तर दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. कारण रिटे काही थांबली नाहीत.

१६१५ साली, किंग्ज बेंचचा मुख्य न्यायाधीश असताना, प्लिमथच्या जेम्स बॅग या नगरसदस्याचा खटला त्याच्यापुढे आला. महापौराला अपशब्द बोलला आणि नको ते हावभाव केले म्हणून नगरपालिकेने त्याचे पद काढून घेतले होते. कुकने त्याला पदावर परत घ्यायला लावले. पुढे महादेश म्हणून जे रिट नावारूपाला आले, त्याचा पाया म्हणून या निकालाकडे बोट दाखवितात. पुढच्याच वर्षी राजाने कुकला बडतर्फ केले.

घरात मात्र हा कायदेपंडित वेगळाच. राजदरबारी पुन्हा मर्जी संपादन व्हावी म्हणून १६१७ मध्ये त्याने आपल्या मुलीचे, फ्रान्सिसचे, लग्न राजाच्या लाडक्या सरदाराच्या भावाशी लावले. आईने लपवून ठेवलेल्या मुलीला त्याने दरवाजे फोडून नेले. तिच्यासाठी कोणते रिट होते?

१६२१ च्या अखेरीस, पार्लमेंटमध्ये सरकारला नडल्याबद्दल, त्याची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. तेथे त्याने काही महिने काढले. न्यायाधीश असताना, राजाच्या आज्ञेने कैद झालेल्याचे कारण सांगायची गरज नाही, असे मत त्याने दिले होते. पुढे १६२७ साली सक्तीचे कर्ज द्यायला नकार देणाऱ्या पाच सरदारांनी देहोपस्थितीचे रिट मागितले. ‘शरीर हजर करा’ आणि कैदेचे कारण दाखवा, हा त्या रिटाचा अर्थ. राजाची खास आज्ञा, एवढेच उत्तर आले आणि न्यायाधीशांनी त्यांना परत तुरुंगात पाठविले. १६२८ च्या पार्लमेंटमध्ये शहात्तर वर्षांचा कुक याविरुद्ध उभा राहिला, तेव्हा विरोधकांनी त्याचे जुने मत त्याच्या तोंडावर फेकले. त्याने ते नाकारले नाही. आपले मत आता बदलले आहे, असे भर सभागृहात सांगितले. वयाच्या त्या टप्प्यावर असे कबूल करणे मला राजाशी भांडण्यापेक्षाही अवघड वाटते. त्या वर्षीच्या हक्कांच्या अर्जात कारण न दाखविता होणाऱ्या कैदेविरुद्धची मागणी आली आणि पहिल्या चार्ल्सला तिला संमती द्यावी लागली.

३ सप्टेंबर १६३४ रोजी स्टोक पोजेस येथे कुक वारला. तो मृत्युशय्येवर असतानाच सरकारी माणसांनी येऊन त्याची हस्तलिखिते जप्त करून नेली. मॅग्ना कार्टावरचे त्याचे विवेचन छापून निघाले ते १६४२ साली, पार्लमेंटच्या हुकमाने.