शिकार सोडणारे सम्राट अशोक

नालासोपाऱ्याच्या स्तूपाला आपण वंदन करायला जातो. १८८२ मध्ये सोपाऱ्यातच पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हा लेख शिकारीबद्दल आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधगयेला गेले. शिकारीच्या सहली थांबल्या, धम्मयात्रा सुरू झाल्या.

त्याच्या दोन वर्षे आधी कलिंगात एक लाख माणसे मारली गेली होती. तो पश्चात्ताप मुदपाकखान्यापर्यंत पोहोचला. तिथे रोज लाखो जीव मारले जात (आकडा फुगवलेला असेलही). ते दोन मोर आणि एका हरणावर आले. पुढे तेही थांबवायचे ठरले.

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरच्या स्तंभलेखात विनाकारण जंगल जाळायला मनाई आहे. गाभण, दुभत्या शेळ्यामेंढ्यांना आणि सहा महिन्यांखालच्या पिलांना अभय आहे. ठरावीक दिवशी मासे मारणे, विकणेही बंद. वसईच्या कोळी बांधवांना यात नवल वाटणार नाही. जून-जुलैत माशांच्या विणीसाठी त्यांच्याही बोटी किनाऱ्यावरच असतात.

प्रजेच्या ताटातले मांस मात्र अशोकांनी सरसकट बंद केले नाही. आज आहारावरून आपल्यावर बंदी लादू पाहणाऱ्यांना हे सांगायलाच हवे. आणि जंगल, पाणी वाचवायला मांस कमी करा म्हणणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही लक्षात ठेवावे, की सम्राटांनी सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरातून केली.