आनंदवनाचे बाबा

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका जमीनदार घराण्यात झाला. लोक त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखतात. वरोडा येथे असता एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण रस्त्याच्या कडेला पडलेला त्यांना दिसला. बाबा भ्याले व दूर पळाले. परंतु त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. ते परतले आणि त्यांनी तुळशीरामाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली.

त्या काळी अशा रुग्णांस महारोगी म्हणून गावाबाहेर काढीत. १९५१ साली बाबांनी पत्नी साधनाताई व दोन लहानग्या मुलांसह वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर सहा रुग्णांची वसाहत उभारली. जवळ होते चौदा रुपये आणि एक लंगडी गाय! या वसाहतीस त्यांनी रोगाचे नाव दिले नाही. तिचे नाव ठेविले 'आनंदवन'. पुढे अपंगांना व्यवसायशिक्षण देणारी संस्था निघाली, तिचे नाव 'संधिनिकेतन'. माणसात काय उणे आहे हे या नावांत नाही. त्याला काय मिळावयास हवे, ते आहे.

नाव देऊनच बाबा थांबले नाहीत. रुग्णांच्या हाती त्यांनी भिक्षापात्राऐवजी कुदळ दिली. त्याच हातांनी विहिरी खणल्या, धान्य पिकविले आणि १९६४ साली महाविद्यालयही उभे केले. पूर्वी आनंदवनापासून दूर राहणाऱ्यांची मुले तेथे शिकू लागली.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा निवर्तले. दुर्बलास हाक मारताना आपण कोणता शब्द उच्चारतो, यावरूनच आपल्या सेवेची पारख होते, हे त्यांचे जीवन सांगते.