औंधचे पंत आणि माणदेशाचा माळ

औंध म्हटलं की बहुतेकांना यमाईचा डोंगर आणि तिथलं १९३८ सालचं संग्रहालय आठवतं. रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प पाहून मंडळी परततात. मला मात्र तो डोंगर चढताना दरवेळी खालचा उघडाबोडका माळच जास्त दिसतो. हा सगळा संग्रह जमवणारा राजा अशा कोरड्या मुलखाचा धनी होता!

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले. संस्थान अवघं ७२ गावांचं. त्यातली बरीचशी आजच्या सातारा-सांगलीत विखुरलेली, तर काही पार विजापूरकडे. महाबळेश्वरी पाऊस धो धो कोसळतो आणि माण-आटपाडीकडे येईतो ढग रिते झालेले असतात. पाऊस चुकला की विहीर आटे, विहीर आटली की जनावरं बाजारात आणि मागोमाग माणसं परमुलखात. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या इथल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

पंत चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्कारांचे तर वेडेच! म्हातारपणीही त्यांचा नेम चुकला नाही. शाळांमधूनही त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. सक्तीने आरोग्य येतं का, असा प्रश्न मला पडतो. पण रयतेची तब्येत हे राज्याचं काम आहे, असं मानणारे संस्थानिक त्या काळी होते किती? पडीक जमिनीकडेही ते याच नजरेने पाहत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. निवडुंग तोडून, साप हुसकून तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

खरं धाडस पुढचं. चिरंजीव आप्पासाहेब पंत, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन आणि गांधीजी यांच्या सल्ल्याने १९३९ मध्ये पंतांनी स्वतःचे अधिकार प्रजेच्या हाती दिले. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. शाळा, पाणी, तंटेबखेडे गावानेच पाहायचे. ज्याच्या शिवारातली विहीर आटते, तिचा विचारही त्यानेच करावा, असा हा साधा हिशेब होता.

त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंती नसलेला तुरुंग! खुनाची शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह तिथे राहायची, खडकाळ जमीन कसायची. जमिनीचा कस आणि माणसाचा कस एकाच नांगराने सुधारायचा हा प्रयोग होता. कैदी पळाले असते तर हसं पंतांचंच झालं असतं. ही जोखीम त्यांनी सत्तरी उलटल्यावर घेतली. औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांनी याच वसाहतीवरून कथा लिहिली आणि तिच्यावर १९५७ मध्ये शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला. वसाहत मात्र चित्रपटापुरती उरली नाही, ती पुढेही चालू राहिली.

गावांच्या कारभाराला जेमतेम नऊ वर्षं मिळाली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि पंचायतींचे ते अधिकारही गेले. एवढ्या अवधीत दुष्काळ हटणं शक्यच नव्हतं. पंत १९५१ मध्ये गेले. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या चळवळीने आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. भूमिहीनासकट प्रत्येक घराला समान पाणी हवं, ही त्यांची मागणी होती. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी आटपाडीच्या तलावात पडायला मात्र पुढचं शतक उजाडावं लागलं.