खंडाळ्याची नृत्यशाळा : मॅडम मेनका

आमच्या जेसल पार्कातल्या मुली पायांत घुंगरू बांधून कथकच्या वर्गास निघतात, तेव्हा आईबाप त्यांस कौतुकाने निरोप देतात. शंभर वर्षांपूर्वी हे अशक्यप्राय होते. कुलीन घरच्या मुलीने नाचावे, ही गोष्ट त्या काळी लज्जास्पद मानली जाई. ती समजूत ज्यांनी मोडली, त्यांत मॅडम मेनका अग्रभागी होत्या. त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

त्यांचे मूळचे नाव लीला रॉय. जन्म १८९९ साली बंगालमधील बारिसाल येथे झाला. वडील बॅरिस्टर व आई इंग्रज. पुढे साहेबसिंग सोखी या लष्करी डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला. हेच सोखी १९३२ साली मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले. अशा प्रतिष्ठित घरच्या गृहिणीने पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज व लच्छू महाराज यांच्यापाशी नम्रपणे कथकचे धडे घेतले. रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा यांचे उत्तेजनही त्यांस लाभले. मेनका हे नाव धारण करून त्यांनी रंगभूमीवर पाऊल टाकले. पुढे आपला संच घेऊन त्या युरोपात गेल्या, आणि १९३६ साली बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्या संचाचा गौरव झाला.

परंतु कीर्ती मिळवून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९३८ साली त्यांनी खंडाळ्यास 'नृत्यालयम्' ही शाळा काढली. घाटमाथ्यावरील त्या शांत जागी कथकसोबत कथकली व मणिपुरी नृत्येही शिकविली जात. घराण्यांत जपून ठेवलेली विद्या येथे शाळेच्या शिस्तीने मिळू लागली. मुंबईच्या दमयंती जोशी, ज्या लहानपणीच त्यांच्या संचात युरोप फिरून आल्या होत्या, आणि पारशी घराण्यातील शिरीन वजीफदार या त्यांच्याच शिष्या होत.

१९३९ साली त्यांनी कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' नृत्यरूपाने सादर केले. त्या नाटकात दोन नृत्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद माजतो. आणि त्यांच्या शिष्यांचे नृत्य पाहूनच निवाडा करावा, असे ठरते. मेनकाबाईंच्या कार्यासही हीच कसोटी लावणे न्यायाचे होईल. त्यांची शाळा फार वर्षे चालली नाही. प्रकृती ढासळून १९४७ च्या मे महिन्यात, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. पण दमयंतीबाईंनी एकट्याने रंगमंच गाजविला, स्वतः विद्यार्थी तयार केले, आणि १९७० साली त्यांस पद्मश्री मिळाली.

इमारती व शाळा बंद पडतात. शिष्याच्या अंगी उतरलेली विद्या मात्र पुढे चालत राहते. आम्ही शिक्षकांनी हे ध्यानी ठेवावे. आणि विद्यार्थिनींनो, उद्या घुंगरू बांधताना, ते बांधण्याची मोकळीक आपणांस कोणी मिळवून दिली, याचे क्षणभर स्मरण करा.